मनपाचं नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, दक्षिण नागपूर : दीड वर्षाचा अनुभव

मागच्या वर्षी मे महिन्यात गाद्यांना ऊन दाखवायला गच्चीवर नेल्या, तेव्हा सासूबाईंच्या उशीच्या खोळीतून कागदाची पुडी पडली. आत बीपीच्या गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे होते, सुपारी कातरल्यासारखे. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आमचे हे इतवारीत कापडाच्या दुकानात आहेत. आईंना माहीत होतं की त्यांच्या महिन्याच्या गोळ्यांना साडेसहाशे रुपये लागतात आणि एका साध्या ब्लाउजचे मला अडीचशे मिळतात. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एका महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवायला लागल्या. कोणाजवळ बोलल्या नाहीत.

त्याच्या आदल्याच महिन्यात त्या न्हाणीत चक्कर येऊन पडल्या होत्या. आम्ही घाबरून एका खासगी दवाखान्यात नेलं. एक रात्र ठेवलं, डोक्याचा फोटो काढला, अकरा हजार चारशे रुपये बिल झालं आणि आधीच्या गोळ्यांवर आणखी एक गोळी वाढवून मिळाली. "गोळ्या चालू आहेत ना?" असं डॉक्टरांनी विचारलं होतं, आईंनी "हो" म्हटलं होतं. चालू तर होत्याच. रोज पूर्ण घेता का, हे कोणीच विचारलं नाही. मीही नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पुडी सापडली त्याच आठवड्यात आशाताई, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या, घरी आल्या. त्या आल्या होत्या कूलर पाहायला. नागपुरात घरोघरी कूलर, आणि टाकीतलं पाणी आठ-दहा दिवस बदललं नाही की डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंत सगळी वाढ त्यातच होते. त्यांनी टाकी रिकामी करायला लावली, आतून घासायला लावली, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि नुसतं पाणी फेकून जात नाहीत. मग हात पुसता पुसता आईंकडे पाहून म्हणाल्या, "काकू, आजीची तब्येत उतरून राहिली. मंगळवारी आपल्या केंद्रात घेऊन या ना. पैसे नाही लागत."

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. मनपाचा दवाखाना म्हटलं की लस आणि पोलिओचे थेंब, एवढंच डोक्यात होतं. मोठं काही झालं तर मेडिकल नाहीतर मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं, आणि बारीकसारीक दुखण्याला कोपऱ्यावरचे डॉक्टर, असंच आमच्याकडे चालत आलेलं. मधल्या जागी काही असतं, हे मला सत्तेचाळीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं.

मंगळवारी गेलो. केस पेपर काढला, आणि सिस्टरने आईंना खुर्चीवर बसवलं. पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून. "पाच मिनिटं बोलायचं नाही, आजी." पाच मिनिटं खरंच तसंच बसवून ठेवलं. मग पदर बाजूला करून, ब्लाउजची बाही वर सारून उघड्या दंडाला पट्टा बांधला, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि दोनदा मोजलं. मी बाह्यांचीच कामं करते. आजवर तीन दवाखान्यांत आईंचं बीपी घट्ट बाहीवरून, नुकत्याच जिना चढून आलेल्या असताना, अर्ध्या मिनिटात मोजलेलं मी पाहिलं होतं. मोजण्याची पण एक रीत असते, हे त्या दिवशी कळलं.

नंतर त्याच सिस्टरने विचारलं, "आजी, गोळी रोज घेता का? की एखाद्या दिवशी राहून जाते?" आवाजात रागावणं नव्हतं. आई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अर्धीच घेते बाई. पुरवा लागते ना." सिस्टरने ते कागदावर लिहिलं. डॉक्टर मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, अर्धीच पोटात जात होती म्हणून बीपी चढत होतं, गोळीचा दोष नाही. वाढवलेली गोळी त्यांनी सध्या थांबवली, अॅम्लोडिपिन 5 रोज पूर्ण घ्यायला सांगितली. शुगरही निघाली, त्याची मेटफॉर्मिन. खिडकीतून तीस दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पैसे लागले नाहीत. तिसऱ्या महिन्यात टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी जोडावी लागली, आणि दिवाळीपर्यंत वरचा आकडा 140 च्या खाली आला. आजही तिथेच आहे.

तीस दिवसांच्या गोळ्या एकदम देणं ही मला आधी साधी गोष्ट वाटली. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचं. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे तर हे कधीपासून आहे. उच्च रक्तदाबाचा जो सरकारी उपक्रम 2017 च्या अखेरीस सुरू झाला, त्यातल्या पहिल्या जिल्ह्यांत भंडारा होता. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, ठरलेला क्रम, महिनाभराचा पुरवठा आणि जो येत नाही त्याचा पाठपुरावा, एवढ्यावर तो चालतो. पाच-पाच दिवसांच्या गोळ्या देऊन मजुरीवाल्या माणसाला पुन्हा पुन्हा रांगेत उभं केलं, तर तो चौथ्या वेळी येतच नाही. रोजी बुडवून कोण येईल?

पण मी हे सगळं लिहायला बसले ते एका फोनमुळे. मागच्या तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली, मशीनवर अठरा-अठरा ब्लाउज पडलेले, आणि आईंची तारीख माझ्या डोक्यातून पार गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मला वाटलं गिऱ्हाईक. तर केंद्रातली सिस्टर. "ताई, आजी आल्या नाहीत. गोळ्या कालच संपल्या असतील ना?"

मी सुई हातात धरून तशीच बसले. इतकी वर्षं आम्ही पैसे मोजून दवाखान्यात गेलो, पण आई आल्या नाहीत म्हणून कोणी विचारलं, असं आधी कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्यांनी खोकं दाखवलं. प्रत्येक बीपी-शुगरवाल्याचं एक कार्ड, महिन्यांप्रमाणे लावलेलं. जो येऊन गेला त्याचं कार्ड पुढच्या महिन्याच्या कप्प्यात जातं. महिना सरला की जी कार्डं मागे उरली, ती न आलेली माणसं. मग फोन, आणि फोन लागला नाही तर आशाताई घरी. मोबाइलवरही नोंद करतात, पण सिस्टर म्हणाल्या, खोक्यावर नजर पडते, म्हणून तेही ठेवलं आहे.

माझी धाकटी मुलगी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, शेवटच्या वर्षाला आहे. ती स्वयंपाकघरात मोठ्याने पाठ करते, त्यामुळे मलाही अर्धं पाठ झालं. भोर समिती 1946. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथली. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्यालाही उपचार मिळालेच पाहिजेत, हे त्या अहवालाचं सूत्र. अल्मा आटा 1978, सगळ्यांना प्राथमिक आरोग्यसेवा मिळावी ही जागतिक घोषणा तिथली. ग्रामीण आरोग्य अभियान 2005, आणि शहरांसाठीचं नागरी आरोग्य अभियान 2013. ही शेवटची तारीख ऐकून मी तिला थांबवलं. म्हणजे खेड्यात तीस हजार लोकांमागे एक केंद्र हे ठरलेलं होतं, आणि शहरातल्या गरिबासाठी तशी सोय हवी हे इतक्या उशिरा ठरलं? ती म्हणाली, शहरात मोठी रुग्णालयं आहेत म्हणून समजलं असेल की भागतं. भागत नव्हतं, हे माझ्या सासरच्या घराने पाहिलं आहे. त्याबद्दल लिहिते.

मोठी मुलगी मागच्या ऑगस्टमध्ये पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती, तिसरा महिना. तिचंही नाव केंद्रातच नोंदवलं. पहिल्याच रक्त तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही या सगळ्याबरोबर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची पहिली, सोल्युबिलिटी तपासणी झाली. आपल्या विदर्भात हा आजार मोठा, म्हणून गरोदर बाईची ती करतातच. तिची पॉझिटिव्ह आली. मग पुढची पक्की तपासणी झाली, त्यात ती वाहक निघाली. वाहक म्हणजे आजारी नाही, पण आई-बाप दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता बाळ सिकलसेलचं असण्याची. सिस्टरने जावयांना फोन करून बोलावलं, त्याच आठवड्यात त्यांचं रक्त घेतलं. ते नॉर्मल निघाले, आमचा जीव भांड्यात पडला.

हे सगळं आईंना समजावून सांगताना त्या मध्येच म्हणाल्या, "धाकट्याले हेच होतं का वो?"

माझे धाकटे दीर 1994 साली गेले, एकोणीस वर्षांचे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात त्यांचा फोटोच होता. लहानपणापासून सांधे दुखायचे, डोळे पिवळे पडायचे, थंडीत तर रात्रभर विव्हळायचे. वात आहे म्हणून तेल चोळलं, कावीळ म्हणून पथ्य केलं, झाडपाला दिला, शेवटी मेडिकलला नेलं तोवर वेळ निघून गेली होती. मॅडमनी आईंचा हात धरून सांगितलं, "तपासणीशिवाय नक्की सांगता येत नाही आजी, पण तुम्ही सांगता ती लक्षणं तशीच आहेत." मग यांचं रक्त तपासलं, हे वाहक. आईंचंही तपासलं, त्याही वाहक. तीस वर्षं आईंना वाटत होतं की आपण तेल कमी चोळलं, थंडीत पोराला बाहेर जाऊ दिलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्या फोटोसमोर बऱ्याच वेळ बसल्या. जेवल्या नाहीत, पण रडल्याही नाहीत.

थेंबभर रक्ताची ती तपासणी घराजवळ, वेळेवर झाली असती तर काय झालं असतं, ते मी लिहीत नाही. आज निदान झालेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू करतात, ताप आला तर लगेच आणा म्हणून बजावतात, आणि 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही आहे. पण अभियान दिल्लीत जाहीर होतं, आणि सुई टोचणारी सिस्टर गल्लीत लागते.

नातू मार्चमध्ये डागा या सरकारी स्त्री रुग्णालयात झाला. दोन किलो आठशे, गुटगुटीत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी केंद्रात घेतल्या. मधली मेच्या अखेरीस आली, बाहेर पंचेचाळीस अंश. माझ्या मनात आलं, या उन्हात लस खराब होत नसेल का? विचारलं. कोणी रागावलं नाही. सिस्टरने कुपी माझ्यासमोर धरली. लेबलवर जांभळट गोल आणि गोलाच्या आत फिकट चौकोन. "हा चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. दोघांचा रंग सारखा झाला की आम्ही वापरत नाही." मी चष्मा लावून पाहिलं, चौकोन चांगला फिका होता. मागच्या खोलीत लसींचा फ्रिज, 2 ते 8 अंशांत ठेवायचा, आणि त्यावर टांगलेली वही, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलेली. रविवारीही लिहिलेलं होतं, ते मी मुद्दाम पाहिलं.

डाव्या मांडीला पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंट, तोंडात जुलाबावरच्या रोटा लसीचे थेंब. मग चार गोष्टी सांगितल्या: कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि येताना कार्ड आणा. अर्धा तास बसवून ठेवलं. शेजारणीला खासगीत न्यूमोनियाच्या लसीचे डोसामागे हजारांत पैसे सांगितले होते. तीच लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे, आणि कित्येकांना हे माहीत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

आता त्रासाचं. तोही मी सांगितला नाही तर हे लिहिण्याला अर्थ नाही. केंद्राचं नाव मी याचसाठी देत नाही, कारण दोष तिथल्या माणसांचा नाही आणि त्रास मात्र त्यांना होईल.

या ऑगस्ट-सप्टेंबरात टेल्मिसार्टन सहा आठवडे नव्हती. औषधाच्या खिडकीतल्या दादांनी मागणीची नोंद दाखवली, त्यांनी वेळेत लिहून दिलं होतं. त्यांनीच जनऔषधीच्या दुकानात घ्यायला सांगितलं, तिथे महिन्याचं काम थोडक्या पैशांत झालं. आम्ही घेतली. पण माझ्यासमोर एक आजोबा "येईल तेव्हा घेऊ" म्हणून रिकाम्या हाताने परत गेले. बीपीच्या माणसाने सहा आठवडे थांबणं म्हणजे काय, हे मी आमच्या न्हाणीत पाहिलं आहे. गोळी नाही तर ते कार्डाचं खोकं, तो फोन, त्या पाच मिनिटांच्या बसण्याची मेहनत, सगळं वाया जातं. फोन करून बोलवायचं आणि आल्यावर नाही म्हणायचं, यात त्या सिस्टरचा चेहरा कसा होतो तेही पाहिलं.

दुसरं, दीड वर्षात तीन डॉक्टर झाले. ज्या मॅडमनी आईंचा हात धरला होता, त्या सहा महिन्यांत गेल्या. कंत्राटावर होत्या. सिस्टरही कंत्राटावर, लॅबवाले दादाही. आईंसारखं माणूस आपली खरी गोष्ट एकाला एकदाच सांगतं. नवीन डॉक्टर चांगले आहेत, कागद वाचतात, पण आई त्यांच्यासमोर अजून मोकळ्या होत नाहीत. माणसं टिकवायची तर त्यांना कायम करा, पगार वेळेवर द्या. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की सरकारचा आरोग्यावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेऊ, 2025 पर्यंत, आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक सेवेला देऊ. धाकटी हे पाठ करत होती तेव्हा मी विचारलं, मग ती सिस्टर अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर का? तिच्या पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं.

आणि गर्दी. शहरात पन्नास हजार लोकांमागे असं एक केंद्र धरतात. पावसाळ्यात तापाची साथ असली की माझा नंबर शहाऐंशी आलेला आहे. तेव्हा ते पाच मिनिटं बसवणं होत नाही, हे मी स्वतः पाहिलं. धुणी-भांडी करणाऱ्या, मिस्तरीच्या हाताखाली जाणाऱ्या माणसाला सकाळची वेळ जमत नाही, आमच्या केंद्रात संध्याकाळची ओपीडी आठवड्यातून एकदाच असते, ती रोज हवी. बायकांच्या संडासाला मे महिन्यात पाणी नव्हतं. पोटुशा बायका दोन-दोन तास बसतात तिथे, महिन्याच्या 9 तारखेला तर गरोदर बायकांच्या तपासणीचा खास दिवस असतो, आणि पाणी नाही. आम्ही अकरा जणींनी सह्या करून झोन कार्यालयात अर्ज दिला. जूनमध्ये टाकी बसली, पिण्याच्या पाण्याचं अजून बाकी आहे. अर्जाची पोच माझ्याजवळ आहे.

पाचपैकी चार तारे देते. गोळ्या वर्षभर न चुकता मिळाल्या तर पाच देईन, आणि इथेच येऊन लिहीन.

जायचं असेल तर आपल्या भागाचं केंद्र कोणतं ते आशाताईला विचारा, गल्लीत कोणालाही त्यांचा पत्ता माहीत असतो. आधार कार्ड आणि जुने कागद न्या. चालू असलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही न्या, नावं सांगण्यापेक्षा ते बरं पडतं. वय तीसच्या वर असेल तर काही होत नसलं तरी बीपी, शुगर आणि तोंडाची तपासणी करून घ्या, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांनी तर नक्की. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर आमच्याकडे साडेदहाच्या आत पोचावं लागतं, रिपोर्ट दोन दिवसांनी मिळतो. सोमवारी फार गर्दी असते, बुधवारी दुपारनंतर बरं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवू नका, आणि डॉक्टरांसमोर त्यांच्या वतीने आपण उत्तर देऊ नका. आमची पुढची खेप डिसेंबरात आहे, आईंच्या गोळ्या आणि नातवाची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस एकाच दिवशी. पाण्याची बाटली घरून न्या.